प्राथमिक आक्षेप

आधी लेखी जबाबाचं पहिलं पान वाचा.

भोसरी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांतून काढलेली माणसं पुण्याच्या कामगार न्यायालयात तक्रार घेऊन जातात. तक्रार साधी असते. अमुक तारखेला गेटवर थांबवलं, पंचिंग कार्ड काढून घेतलं, उद्यापासून येऊ नको म्हणाले. हे खरं की खोटं, आणि खरं असेल तर कायदेशीर की बेकायदा, एवढंच ठरवायचं असतं. पण कंपनीच्या उत्तरात या गोष्टीला हात लागतो तो तिसऱ्या पानावर. पहिल्या पानावर ठळक शीर्षक असतं, ‘प्राथमिक आक्षेप’. एक, ही तक्रार या न्यायालयासमोर चालण्याजोगी नाही. दोन, तक्रारदार कायद्याच्या व्याख्येतला कामगार नाही. तीन, तो कामगार असलाच तर आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे. आणि मग टायपिस्टला पाठ झालेलं वाक्य येतं, की वरील आक्षेपांना बाधा न येता पुढीलप्रमाणे निवेदन आहे.

नोकरी गेलेली, म्हाळुंगे नाहीतर खराबवाडीतल्या खोलीचं भाडं थकलेलं, आणि केस सुरू होते कोर्टाच्या हद्दीपासून. तुमचं म्हणणं काय, हे नंतर ऐकू. ते ऐकायचा अधिकार या कोर्टाला आहे का, हे आधी ठरू द्या.

हा आक्षेप घेण्याचा हक्क कंपनीला आहे आणि तो असलाच पाहिजे, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. ज्या कोर्टाला कायद्याने अधिकार दिलेला नाही, त्याने कोणाचंही भलंबुरं ठरवू नये. माझं भांडण आहे ते हा आक्षेप केव्हा घेतला जातो, किती वर्षं जिवंत ठेवला जातो आणि शेवटी त्याची किंमत कोण मोजतो, याच्याशी.

हद्द तीन प्रकारची असते. जागेची, रकमेची आणि विषयाची. पहिल्या दोन प्रकारांत आपला कायदा समंजस आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २१ सांगतं, की दावा चुकीच्या गावात लागला किंवा चुकीच्या रकमेच्या कोर्टात लागला असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने ते खालच्या कोर्टात, पहिल्या संधीला, मुद्दे निघण्याच्या आत म्हणावं. तिथे गप्प बसून अपिलात तोंड उघडलं तर चालणार नाही. शिवाय चुकीच्या कोर्टामुळे आपल्यावर खरोखर अन्याय झाला, हेही दाखवावं लागतं.

याच मुद्द्यावरचा जुना निकाल १९५४ चा. किरण सिंग विरुद्ध चमन पासवान. बिहारमधल्या मुंगेरचा जमिनीचा दावा. वादींनी स्वतःच दाव्याची किंमत २,९५० रुपये लावली, म्हणून पहिलं अपील जिल्हा न्यायालयात गेलं. तिथे हरले. पुढे पाटण्याच्या उच्च न्यायालयात कोर्ट फीच्या तपासणीत निघालं, की खरी किंमत ९,९८० रुपये आहे. झालं. हरलेले वादीच म्हणू लागले, की मग आमचं पहिलं अपील थेट उच्च न्यायालयातच यायला हवं होतं, जिल्हा न्यायाधीशाला अधिकार नव्हता, त्याचा निकाल पुसून टाका आणि सगळं पहिल्यापासून ऐका. सर्वोच्च न्यायालयाने ऐकलं नाही. किंमत तुम्हीच लावली, कोर्ट तुम्हीच निवडलं, न्यायनिवाड्यात काही बिघडल्याचं तुम्ही दाखवत नाही, तेव्हा आता तक्रार नको.

पण त्याच निकालात दुसरी गोष्टही पक्की सांगितली आहे, आणि चाकणच्या माणसाचा गळा आवळते ती तीच. कोर्टाला विषयाचाच अधिकार नसेल, तर त्याचा हुकूमनामा मुळातच शून्य. तो कधीही, कुठेही खोडून काढता येतो. अपिलात येतो, अंमलबजावणीच्या वेळी येतो, दुसऱ्याच एखाद्या प्रकरणातही येतो. दोन्ही बाजूंनी हात वर करून संमती दिली तरी तो अधिकार निर्माण होत नाही. आणि खालचा निकाल शून्य ठरला, की त्यावरच्या अपिलालाही खाली जमीन उरत नाही. वरचं कोर्ट मूळ भांडणाचा निवाडा करू शकत नाही. ते एकच करू शकतं, सगळं रद्द करून माणसाला परत पहिल्या दारात पाठवायचं.

म्हणजे जागा चुकली, रक्कम चुकली, तर कायदा पोटात घालतो. विषय चुकला तर नाही. आणि कारखान्यातल्या माणसावर घेतला जाणारा जवळजवळ प्रत्येक आक्षेप या तिसऱ्या खान्यात बसतो. तू कामगारच नाहीस. तू आमचा नाहीस. हा वाद या कायद्याखालचा नाही. हे सगळे विषयाचे आक्षेप. यांना वय नाही.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं नाव चिंचवडकरांना सांगायला नको, कंपनीचा तिथेही कारखाना होता. खटला मात्र मुंबईचा. १९७१ मध्ये युनियनबरोबर करार झाला आणि उत्पादनाप्रमाणे मिळणाऱ्या जादा मोबदल्याची पद्धत बदलली. मोटर प्रोडक्शन विभागातल्या कामगारांना तो करार मान्य नव्हता. त्यांनी मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टात दावा लावला. तिथे जिंकले. उच्च न्यायालयातही निकाल त्यांच्याच बाजूने राहिला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा औद्योगिक कलह आहे, त्यातला हक्क औद्योगिक कलह कायद्यातून येतो, म्हणून त्याची दाद त्याच कायद्याच्या यंत्रणेकडे मागायची. सिव्हिल कोर्टाला यात पडण्याचा अधिकारच नव्हता. खाली मिळालेला विजय, त्यावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, सगळं गेलं. आजही कामगार आणि सिव्हिल कोर्ट या विषयावर वकील उभा राहिला, की पहिलं नाव निघतं ते या प्रीमियर निकालाचं.

निकाल कायद्याने बरोबर असेल. पण त्या वेळची परिस्थिती बघा. औद्योगिक कलह कायद्याखाली कामगाराला कोर्टात थेट जाताच येत नव्हतं. आधी समेट अधिकारी, मग सरकारकडे अहवाल, मग सरकारच्या मनात आलं तर सरकार तो वाद न्यायालयाकडे धाडणार. म्हणजे ज्या दारातून जायचं, त्याची किल्ली सरकारच्या खिशात, आणि जे दार उघडं होतं त्यातून गेलात तर सगळं शून्य. १९९५ मध्ये राजस्थानच्या एसटी महामंडळाच्या कृष्णकांत खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाच हे खुपलं आणि कामगाराला थेट जाता येईल असा बदल करा, असं त्याने सुचवलं. बदल यायला २०१० उजाडलं. तेव्हापासून काढून टाकलेल्या माणसाला समेटाचा अर्ज दिल्यावर ४५ दिवस थांबून स्वतः कोर्टात जाता येऊ लागलं. तोही एकट्याच्या बडतर्फीपुरता.

आता या सगळ्याच्या मुळाशी जाऊ. कामगार कायद्यात हद्दीची भांडणं इतकी का?

माझं उत्तर असं, की तिथे अपील नाही म्हणून.

दिवाणी दाव्यात हरलेल्याला अपील असतं. वरचं कोर्ट पुरावा पुन्हा चाळतं, साक्षीदार खोटा वाटला तर तसं म्हणतं, आणि स्वतःचा निवाडा देतं. औद्योगिक कलह कायद्याखाली कामगार न्यायालयाने निवाडा दिला, तर त्यावर अपीलच ठेवलेलं नव्हतं. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आहे, १९७१ चा, कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा. गेटवर त्याला कोणी एवढ्या लांब नावाने ओळखत नाही, ‘यूएलपी टाकली’ एवढंच म्हणतात. त्यातही कामगार न्यायालयाच्या आदेशावर औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण आहे, अपील नाही. हेतू चांगला होता. कामगाराला पायऱ्या चढायला लावू नका, एकदाच निकाल लावा.

पण राज्यघटनेची कलमं २२६ आणि २२७ तर कोणी काढून घेऊ शकत नाही. उच्च न्यायालयात रिट जातेच. आणि रिटमध्ये न्यायमूर्ती पुरावा नव्याने तोलत बसत नाहीत. खालच्या कोर्टाने आपली हद्द ओलांडली का, किंवा हद्दीतलं काम करायचं नाकारलं का, हे प्रामुख्याने बघतात. मग हुशार वकील काय करणार? ज्या भांडणाला अपिलात जागा मिळाली असती, त्या प्रत्येक भांडणाला हद्दीचं रूप देणार. हा माणूस सुपरवायझर होता का, हा खरं तर पुराव्याचा प्रश्न. पण तो म्हणजेच कोर्टाला अधिकार होता का, असा मांडला की रिटचं दार उघडतं. अपील काढून टाकल्याने कामगाराची वर्षं वाचतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात अपिलाची जागा हद्दीच्या आक्षेपाने घेतली, आणि हा आक्षेप अपिलापेक्षा वाईट आहे. अपिलात हरलात तर निदान भांडणाचा निकाल लागतो. इथे हरलात तर भांडण अजून सुरूच झालेलं नसतं.

चाकणच्या बाजूला याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो कंत्राटी माणसाला.

त्याची फाइल बघा. गळ्यातल्या गेट पासवर कारखान्याचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरांत कंत्राटदाराचं. ईएसआयच्या कार्डावर कंत्राटदार. मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं तर तीन-चार वेगवेगळ्या आस्थापना, कारण कंत्राट बदललं की माणूस त्याच लाइनवर, त्याच मशिनवर उभा राहतो आणि फक्त वरचं नाव बदलतं. शिफ्ट कोण लावतं? कंपनीचा लाइन सुपरवायझर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. सुट्टी कोण नाकारतं? तोच. रिजेक्शन वाढलं तर मेमो कोणाच्या सांगण्यावरून निघतो? त्याच्याच. सही मात्र कंत्राटदाराची. हा माणूस म्हणतो मी कंपनीचा, आणि मला वाटतं त्याच्या जागी कोणीही हेच म्हणेल.

तो यूएलपी टाकतो, कारण तो रस्ता जवळचा. औद्योगिक न्यायालयात थेट जाता येतं, सरकारच्या परवानगीची गरज नाही, अंतरिम आदेश मिळू शकतो. आणि तिथे भिंत येते. सर्वोच्च न्यायालयाचे २००१ चे दोन निकाल. विविध कामगार सभा विरुद्ध कल्याणी स्टील्स, हा पुण्याचाच, आणि सिप्ला विरुद्ध महाराष्ट्र जनरल कामगार युनियन. २००३ मध्ये इंडियन स्मेल्टिंगच्या निकालाने त्यावर आणखी एक थर चढवला. तात्पर्य असं, की मालक आणि कामगार हे नातं वादातीत असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या न्यायालयात आधीच सिद्ध झालं असेल, तरच या कायद्याखाली दाद मागता येते. कंत्राट खोटं आहे, आम्ही खरे कंपनीचे, हे ठरवण्याचा अधिकार या कायद्याखालच्या न्यायालयाला नाही. ते औद्योगिक कलह कायद्याखाली आधी ठरवून आणा.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या. नातं नाकारण्याचं काम मालकाने करायचं. त्याने नाकारलं की नातं वादग्रस्त झालं. वादग्रस्त झालं की कोर्टाचा अधिकार संपला. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्या एका ओळीवर तक्रार ऐकणाऱ्याचे हात बांधले जातात. नुसतं नाकारून भागत नाही, नाकारण्यात तथ्य दिसलं पाहिजे, असं प्रतिपादन कामगारांचे वकील करतात आणि कधी कधी ते टिकतंही. पण तोपर्यंत किती तारखा पडलेल्या असतात, ते शिवाजीनगरच्या कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर विचारा.

त्यातच १९७१ च्या कायद्याचं कलम ५९ आहे. या कायद्याखाली कारवाई सुरू केलीत, तर त्याच बाबीसाठी दुसऱ्या कायद्याखाली जाता येत नाही, आणि उलटंही तसंच. दोन्हीकडे एकाच वेळी भांडून समोरच्याला छळू नये, हा त्यामागचा विचार. पण ज्याला कुठलं दार आपलं हेच माहीत नाही, त्याला हे कलम पहिल्याच पावलाला घाबरवतं.

बरं, समजा आठ वर्षांनी कळलं की दार चुकलं. मुदतीचं काय? मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये तरतूद आहे, की माणूस प्रामाणिकपणे, नेटाने चुकीच्या कोर्टात भांडत होता, तर तो काळ वजा धरायचा. हे तत्त्व न्यायाधिकरणांपुढच्या प्रकरणांनाही लावता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एम. पी. स्टीलच्या खटल्यात म्हटलं. ठीक. मुदत वाचली. पण मधल्या काळात साक्षीदार गावी गेले, कंत्राटदाराने फर्म बंद केली, हजेरीचं रजिस्टर कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही, आणि ज्या लाइनवर माणूस उभा होता तिथे आता रोबो उभा आहे. मुदत वजा धरता येते, हे कसं वजा धरणार?

कंत्राटी नसलेल्यालाही सुटका नाही. त्याच्यासाठी पदनाम आहे. टीम लीडर, सेल लीडर, ज्युनिअर ऑफिसर, ट्रेनी इंजिनिअर. दिवसभर स्पॅनर धरणाऱ्याच्या नेमणूकपत्रावर ‘ऑफिसर’ असतं. औद्योगिक कलह कायद्यात देखरेखीचं काम करणारा आणि दरमहा दहा हजारांहून जास्त पगार घेणारा माणूस ‘कामगार’ नव्हता. त्याआधी ही मर्यादा होती सोळाशे रुपये, आणि ती २०१० पर्यंत तशीच ठेवली गेली. २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती अठरा हजार झाली. मोटारी बनवणाऱ्या पट्ट्यात कायम नोकरीतला माणूस या आकड्याच्या कुठे असतो, ते वेगळं सांगायला नको. म्हणजे त्याला ‘देखरेख’ चिकटली की तो कायद्याच्या बाहेर. १९८५ मध्ये अर्कल गोविंदराज राव विरुद्ध सिबा गायगी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की पदनामावर जाऊ नका, माणसाचं मुख्य काम काय ते बघा. सांगितलं खरं. पण मुख्य काम काय, हे बघायला पुरावा लागतो, पुराव्याला वर्षं लागतात, आणि तोवर केस ‘प्राथमिक’ टप्प्यावर उभी.

हे चाळे कोर्टांना कळत नाहीत असं नाही. १९८३ चा डी. पी. माहेश्वरी विरुद्ध दिल्ली प्रशासन हा निकाल न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींचा आहे. माणसाची नोकरी १९६९ मध्ये गेलेली. १९८३ मध्ये देशातलं सर्वोच्च न्यायालय ठरवत होतं, की तो कायद्याने कामगार आहे का. त्याला काढणं बरोबर होतं की चूक, याला अजून कोणी स्पर्शही केला नव्हता. न्यायमूर्ती संतापले. कामगार न्यायालयांनी प्राथमिक मुद्दे वेगळे काढून बसू नये, सगळे मुद्दे एकत्र ऐकून एकदाच निकाल द्यावा, आणि उच्च न्यायालयांनीही मधल्या टप्प्यावर प्रकरणं अडवून ठेवू नयेत, असं त्यांनी लिहिलं. या निकालाला चाळीस वर्षं होऊन गेली. पहिल्या पानावरचा ‘प्राथमिक आक्षेप’ अजून आहे तिथेच आहे, आणि तो आधी ऐका असा अर्जही त्याच्या मागोमाग येतोच.

महाराष्ट्राने तर दिवाणी बाजूला याचा धडा स्वतःच्या अंगावर घेतलेला आहे. दिवाणी संहितेत आपल्या राज्याने खास कलम घातलं होतं, ९-अ. अंतरिम आदेशाचा अर्ज चालू असताना कोणी हद्दीचा आक्षेप घेतला, की कोर्टाने आधी तो मुद्दा निकाली काढायचा. सरकारला नोटीस न देता दावा लावून मनाई हुकूम मिळवण्याची खोड मोडावी, हा मूळ उद्देश. झालं असं, की त्या एका मुद्द्यावर पुरावा, उलटतपासणी, निकाल, मग त्यावर वरच्या कोर्टात, आणि मूळ दावा दहा-दहा वर्षं जागेवर. अखेर २०१८ मध्ये ते कलम राज्याने काढून टाकलं. म्हणजे जमिनीच्या, फ्लॅटच्या, बिल्डरच्या दाव्यात हद्दीचा मुद्दा आधी वेगळा काढून चालवणं घातक आहे, हे विधिमंडळाला पटलं. मग काढून टाकलेल्या फिटरच्या केसमध्ये तेच का पटत नाही?

उलट बाजूही लिहितो, नाहीतर लेख लंगडा होईल. हद्दीचं हत्यार कामगारांच्या हातातही असतं. गेटसमोर घोषणा सुरू झाल्या, की व्यवस्थापन सिव्हिल कोर्टात धावतं आणि गेटपासून इतक्या मीटरच्या आत जमू नये असा मनाई हुकूम मागतं. तेव्हा युनियनचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, हा औद्योगिक कलह आहे, या कोर्टाला अधिकार नाही. तोही प्रीमियरचाच आधार घेतो, आणि घ्यावाच. फरक एवढाच, की कंपनीच्या त्या अर्जाचा निकाल काही दिवसांत लागतो. कामगाराचा आक्षेप फेटाळला गेला तरी तो त्यावर पंधरा वर्षं भांडत राहत नाही, कारण तेवढी वर्षं भांडायला त्याच्याकडे पैसे नसतात.

आणि नियमच मधे बदलला तर? पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स घ्या, केंद्र सरकारची कंपनी. अशा कंपन्यांतल्या वादात ‘समुचित सरकार’ कोण, केंद्र की राज्य? यावर कुठल्या न्यायालयात जायचं ते ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या हेवी इंजिनिअरिंगच्या निकालात एक उत्तर दिलं, १९९६ मध्ये एअर इंडियाच्या निकालात वेगळं, आणि २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या निकालात ते पुन्हा फिरवलं. शेवटी २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलं, की केंद्राचं भांडवल एक्कावन्न टक्क्यांहून कमी नसेल तिथे केंद्र. चाळीस वर्षांत तीन उत्तरं आणि एक दुरुस्ती. ज्या वकिलाने १९९७ मध्ये बरोबर सल्ला दिला, त्याचाच सल्ला २००२ मध्ये चुकीचा.

आता पुन्हा तसाच काळ आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक कलह कायदा गेला. कामगार न्यायालयं जाणार, त्यांच्या जागी दोन सदस्यांची न्यायाधिकरणं येणार, एक सदस्य न्यायिक आणि एक प्रशासकीय. पण न्यायाधिकरणं उभी व्हायच्या आधी संहिता लागू केली. मग जुन्या न्यायालयांनी कुठल्या अधिकाराने केसेस चालवायच्या, हा प्रश्न लगेच दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेला, आणि डिसेंबरमध्ये केंद्राला आदेश काढून सांगावं लागलं, की नवी न्यायाधिकरणं होईपर्यंत जुनीच काम चालू ठेवतील. हा खुलासा आधी करता आला नसता? या संक्रमणाच्या काळात निघालेल्या प्रत्येक निकालावर उद्या कोणीतरी आक्षेप घेणार, की तेव्हा या कोर्टाला अधिकार होता का. नव्या संहितेत वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षं उलटली, की समेट अधिकाऱ्याला कारवाई करता येत नाही. पूर्वी बडतर्फ माणसाला कोर्टात जायला तीन वर्षं मिळायची. चुकीच्या दारात घालवायला तेवढाही वेळ आता हातात नाही.

चाकणला राहणाऱ्याच्या तर आयुष्यातच हद्दी गुंतलेल्या आहेत. तालुका खेड, म्हणून दिवाणी-फौजदारी कोर्ट राजगुरुनगरला. पोलीस ठाणं २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. कामगार न्यायालय पुण्याला. उच्च न्यायालय मुंबईला, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं त्यात पुणे जिल्हा नाही. तळेगाव चौकातली सकाळची कोंडी फोडून शिवाजीनगरला अकराला पोचायचं, आणि पोचल्यावर ऐकायचं, आज फक्त प्राथमिक मुद्द्यावर युक्तिवाद, पुढची तारीख घ्या.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. जो हद्दीचा आक्षेप घेईल, त्याने पहिल्याच लेखी जबाबात योग्य न्यायालय कोणतं हे नाव घेऊन लिहावं, आणि पुढे त्याला त्या विधानाशी बांधून ठेवावं. आजवर यूएलपीत म्हणत आले, औद्योगिक कलह कायद्याखाली जा. तिथे गेलं की म्हणतात, हा कामगारच नाही, सिव्हिलला जा. सिव्हिलला गेलं की प्रीमियर दाखवतात. एकच कंपनी तीन कोर्टांत तीन तोंडांनी बोलते आणि तिला कोणी विचारत नाही. दुसरं, एका न्यायालयात शपथेवर नोंदलेला पुरावा, उलटतपासणीसकट, दुसऱ्या न्यायालयात जसाच्या तसा वाचता यावा. अधिकार नव्हता तो निकाल देण्याचा. साक्षीदाराने शपथेवर सांगितलेलं त्याने खोटं होत नाही. आणि माहेश्वरीच्या निकालाप्रमाणे सगळे मुद्दे एकत्र ऐकून प्रत्येकावर निष्कर्ष लिहिण्याची सक्ती नियमांत घालावी. म्हणजे वरच्या कोर्टाने हद्दीबाबत वेगळं मत दिलं तरी बाकीचं काम वाया जाणार नाही. न्यायाधिकरणाचे नियम नव्याने लिहिले जात आहेत, ही कलमं घालायला याहून बरी वेळ येणार नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. १९८४ पासून औद्योगिक कलह कायद्यात १७-ब हे कलम होतं. कामावर परत घेण्याचा निवाडा झाला आणि मालक त्याविरुद्ध उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर तिथला निकाल लागेपर्यंत कामगाराला शेवटचा पगार द्यायचा, अट एवढीच की तो दुसरीकडे कामाला नसावा. या कलमाने कित्येक घरं तगली. पण तो पगार मिळायचा निवाडा हातात पडल्यावर. ज्याची केस हद्दीच्या मुद्द्यावरच अडकली आहे, त्याच्या हातात निवाडा नाही, म्हणून त्याला काहीच नाही. आक्षेप घेऊन केस थांबवणाऱ्याने, ती थांबलेली असेपर्यंत त्या माणसाला निदान अर्धा पगार द्यावा, एवढं एक वाक्य नियमांत लिहा. मग लेखी जबाबाच्या पहिल्या पानावर काय छापायचं, याचा विचार कंपनीचा लेखा विभागही करेल.